बाठ्याचा घोडा

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा एक तांबडा घोडा होता आणि मला त्याचा हेवा वाटायचा. घोडा खरा नव्हता, मोबाइलमधला होता. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला दोन-तीन हडकुळी घोडी आणतात, तेवढीच आमच्या घराण्याची अश्वविद्या. तरीही त्या चित्रातल्या घोड्यावरून माझ्या पोटात जे दुखलं ते खोटं नव्हतं. वय वर्षं चौपन्न, केस पांढरे, आणि मी भावजयीवर जळत होतो.

भाऊ जहाजावर असतो. सात-आठ महिने पाण्यावर आणि दोन-तीन महिने घरी. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे शाळा कोणती, कोर्स कोणता, जमीन घ्यायची तर पाणी लागेल का, सगळं तो मला विचारूनच करत आला. लग्नाची मुलगी पाहून आला तेव्हाही होकार कळवायच्या आधी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘दादा, तुझं मत काय?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की मला त्याची सवय लागली होती, एखाद्याला पानाची लागते तशी.

खेळ त्यानेच आणला. ‘जेवलास का’ आणि ‘तब्येत बरी ना’ हे दोन प्रश्न संपले की आमच्या घरात फोनवर बोलण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून एका सुट्टीत त्याने माझ्या आणि बायकोच्या मोबाइलवर हा घोड्यांच्या शर्यतीचा खेळ घालून दिला. घोडे पाळायचे, पळवायचे, आणि पळून दमले की त्यांची पैदास करायची. दुसऱ्याची घोडी आपल्या घोड्याकडून फळवून दिली की त्याबद्दल खेळातली नाणी मिळतात, त्याला स्टड फी म्हणतात. खरा रुपया एक नाही. खेळातलं वर्ष आपल्या पंधरा दिवसांत संपतं, त्यामुळे शिंगरू जन्मतं, पळतं, बाप होतं आणि एका पावसाळ्यात म्हातारंही होतं.

खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. भावाच्या जहाजावरचे काही, मुंबईतले आमच्या गावचे काही, दोघं-तिघं कोल्हापूरकडचे. हंगाम संपला की कुणी ना कुणी विचारायचा, माझ्या घोड्याची फी किती ठेवू? आणि भाऊ समुद्रावरून लिहायचा, ‘दादाला विचारा.’ मी कलमांची नर्सरी चालवतो, तीस वर्षं झाली. झाडाची पारख असलेल्या माणसाला घोड्याचीही असणार, असं लोकांनी धरून चाललं आणि मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. उत्तर सकाळीच तयार असायचं, पण मी ते दुपारी जेवण झाल्यावर पाठवायचो. लगेच दिलेल्या मताला वजन नसतं.

मग माझा काळा घोडा अकरा शर्यती जिंकून निवृत्त झाला आणि माझी पारख उघडी पडली. मी केलेली चूक फक्त कलमवाला करील अशी होती. आमच्या धंद्यात गावठी रायवळ आंब्याचा बाठा, म्हणजे कोय, रुजवायचा, त्याच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधायची, की झाड हापूसचंच होतं. आईझाड गोड तर कलमही गोड. तीस वर्षं हाताला हेच माहीत. तेव्हा अकरा शर्यती जिंकलेल्या बापाची पोरं जिंकणारच, हे मी धरून चाललो आणि काळ्याची फी ग्रुपमध्ये सगळ्यांत चढी ठेवली. पहिल्या हंगामात घोड्यांची रीघ लागली. शिंगरं पळायच्या वयाची झाली तेव्हा कळलं की त्यांना पळायची घाई नव्हती. पुढच्या हंगामात दोनच घोड्या आल्या, त्यातली एक माझ्या मेहुण्याची.

त्याच सुमाराला एका रविवारी भावजय आमच्याकडे आली होती. ती आणि माझी बायको स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी दारात उभा राहून नशिबाला दोष देत होतो. भावजय मान वर न करता बोलली, “भावोजी, घोडा कलमाचा नसतो ओ. बाठ्याचा असतो. बाठा रुजवला की झाड वाढून फळ खाल्ल्याशिवाय काय कळत नाय.”

माझी बायको इतकी हसली की तिच्या हातातली कोलंबी खाली पडली. मीही हसलो, हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाठ्यातून उगवलेला आंबा आईसारखा निघत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. घोडा कलम बांधून होत नाही, हे मात्र मला कोलंबी सोलणाऱ्या बाईने सांगावं लागलं. त्या रविवारपासून मी तिच्यावर डूख धरला.

तिचं कामच वेगळं होतं. घरामागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते, त्यांच्या चहा-नाश्त्याचं आवरलं की एक दोनशे पानी वही काढून बसायची. बापाने किती शर्यती जिंकल्या ते ती लिहायचीच नाही. प्रत्येक शिंगराची एक ओळ. त्याची आई कोण, त्या आईची बाकीची शिंगरं कशी पळाली, आणि हे कसं पळालं. मला तिने एकदा समजावून सांगितलं होतं आणि मी जांभई दिली होती. चढ्या फीच्या घोड्याकडे लोक आपली उत्तमातली उत्तम घोडी पाठवतात. मग शिंगरू चांगलं निघालं तर श्रेय आईचं की बापाचं? स्वस्त घोड्याकडे सुमार घोड्या येतात, त्यांची शिंगरं फार जिंकत नाहीत, आणि बाप बिचारा फुकट बदनाम होतो. म्हणून शिंगराची तुलना त्याच्याच आईच्या बाकीच्या शिंगरांशी करायची, दुसऱ्यांशी नाही. हे इतकं सरळ होतं की मला का सुचलं नाही याचा मला राग आला.

भावाचे फोन पूर्वी आधी मला यायचे. आता माझा फोन वाजायचा आणि तो म्हणायचा, “दादा, तिचा फोन लागत नाय. तिला जरा वही उघडून बसायला सांग ना.” मी चपला घालून दोन घरं ओलांडून निरोप द्यायला जायचो. एकदा तो सहज बोलून गेला, “दादा, तिची नजर तुझ्यापेक्षा बारीक आहे हां.” तो हसत होता आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी तीन कलमांच्या काड्या उलट्या बांधल्या.

हेवा माणसाला किती हलकं करतो ते सांगतो. तिच्या पाहुण्यांना गरम पाणी मिळालं नाही म्हणून ते कुरकुरत गेले, तर मला दिवसभर बरं वाटलं. ती एक शर्यत हरली तर मी ग्रुपवर ‘होतं असं कधीकधी’ लिहायचो आणि मागे हात जोडल्याचं चित्र टाकायचो. तिच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मला आवडतं, तेही मी दोनदा ‘आज उपास आहे’ म्हणून परत पाठवलं. बायको म्हणाली, मंगळवारी कसला उपास? मी अंगारकी म्हटलं. अंगारकी त्या महिन्यात नव्हती.

आता तांबड्याचं. तो तिचा घोडा, आयुष्यात दोनच शर्यती जिंकलेला. फी अगदी कमी. ग्रुपमध्ये कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. खेळात प्रत्येकाला पाच ठाणं, म्हणजे पाचच घोडे ठेवता येतात. तिला एक नवी घोडी मिळत होती आणि एक ठाण मोकळं करायचं होतं. एकदा सोडलेला घोडा पुन्हा येत नाही, त्याचं नाव फक्त पोरांच्या पानावर राहतं.

एका दुपारी ती वही घेऊन नर्सरीत आली.

“भावोजी, तांबड्याला ठेवू की सोडू? वहीत तर तो बरा दिसतो. पण आपला तो बाब्या, असं नको व्हायला. यांना विचारलं तर बोलले, दादाला विचार, दादा सांगेल ते कर.”

वही ठेवून ती गेली. पाहुण्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. भावाने मलाच विचारायला सांगितलं होतं, माझी जागा जिथल्या तिथे होती. हे तेव्हा माझ्या कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

मी शेडमध्ये पिंपावर बसून वही उघडली. तांबड्याची चौदा शिंगरं. त्यातली अकरा आपापल्या आईच्या बाकीच्या शिंगरांपेक्षा चांगली पळालेली. मोठी शर्यत एकानेही मारली नव्हती, कारण आयाच तशा होत्या. पण ज्या घोडीकडून आजवर काही निघालं नव्हतं तिचंही पोर या बापाने वर काढलं होतं. मी पुन्हा मोजलं. त्याची फी तिप्पट ठेवली असती तरी ती स्वस्त ठरली असती. ग्रुपमधला सगळ्यांत चांगला पैदाशीचा घोडा दोन घरं पलीकडे होता आणि ते तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं, म्हणून तर ती मला विचारायला आली होती.

वही मांडीवर ठेवून मी मोबाइल काढला आणि माझी सगळ्यांत चांगली घोडी तांबड्याकडे फळवायला पाठवली. असले व्यवहार खेळ आपोआप करतो, मालकाला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वही परत दिली. “सोड गो त्याला,” मी म्हणालो. “दोन-चार पोरं बरी निघाली म्हणून बाप चांगला होत नाय. एखाद्या वर्षी रायवळालापण बहर येतो. दरवर्षी येईल का?”

तिने वहीतलं तांबड्याचं पान एकदा उघडून मिटलं. मग तिने मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच घोडा सोडायला घेतला. खेळ विचारतो, नक्की सोडायचा का? तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि तिने बोट टेकवलं. मी घरी येऊन चहा घेतला आणि त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली.

माझ्या घोडीचं शिंगरू दीड-दोन महिन्यांत पळायला लागलं आणि थांबलंच नाही. ग्रुपवर पुन्हा ‘दादाला विचारा’ सुरू झालं. भावाचा फोन आधी मला आला, कितीतरी दिवसांनी. “दादा, काय पारख आहे तुझी,” तो म्हणाला. मग शिंगराचं पान बघता बघता थांबला. “अरे, बाप तर आपल्या घरचाच. हा घोडा सोडला कशाला हिने?”

“जागा नव्हती तिला,” मी म्हणालो. त्याने विश्वास ठेवला. मी कधी खोटं बोललो नव्हतो ना त्याच्याशी.

पण शिंगरू जिंकायचं तेव्हा पडद्यावर माझ्या नावाखाली बापाचं नाव यायचं आणि त्यापुढे तिच्या ठाणाचं. दर वेळी. मी जिंकत होतो आणि मोठा होत होता तो तिचा घोडा. मला माझ्याच शिंगराचा हेवा वाटायला लागला होता.

मे महिन्यात भाऊ सुट्टीवर आला. आम्ही चौघं पडवीत बसलो होतो. त्याने पुन्हा तेच काढलं. “पण खरंच, दादाला विचारलं होतंस ना? दादा काय बोलला होता?”

मी समोरच्या फणसाची एक फोड ओढून गरे सोडवायला लागलो. भावजय फणस सोलत होती, हातांना तेल लावलेलं.

“विचारायचं राहूनच गेलं,” ती म्हणाली. “नवी घोडी घ्यायची घाई झाली मला. चूक माझीच.”

तो तिला वेड्यात काढून हसला आणि आंघोळीला गेला. माझी बायको फणसाचे गरे घेऊन आत गेली. मी कसाबसा म्हणालो, “तू असं का सांगितलंस?”

“शिंगराच्या पानावर घोडी फळवल्याची तारीख असते, भावोजी. वही मी तुम्हाला दिली तोच दिवस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला पयल्या शर्यतीच्या दिवशीच कळलं. पण हे समुद्रावर असतात. तिकडे काय झालं तर यांना वाटतं, घरी दादा आहे. ते मी कशाला मोडू?”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने गऱ्याची एक आठळी बाजूला काढली आणि म्हणाली, “हात धुवून घ्या, चीक लागलाय.”

त्यानंतर तिने मला कधीच काही विचारलं नाही. बोलते चांगली, सुकं पाठवते, सणाला पाया पडते. फक्त विचारत नाही. जूनअखेर भाऊ परत गेला आणि त्याच्या नव्या जमिनीत आंब्याची लागवड करायची होती. कातळात खड्डे मारून झाले होते. मी वीस उत्तम कलमं वेगळी काढून ठेवली होती. एका सकाळी संगमेश्वरकडच्या दुसऱ्या नर्सरीचा एक टेम्पो माझ्या नर्सरीच्या दारावरून पुढे गेला, मागे कलमं भरलेली. मी मागोमाग भावाच्या जमिनीपर्यंत गेलो. दुसरं काय करणार, उतरवायला हात लावला.

तेवढ्यात भावाचा फोन आला. ती बांधावर उभी राहून बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं.

“होय, आली कलमं,” ती त्याला सांगत होती. “नाय ओ, असं कसं. भावोजींना विचारूनच घेतली.”

मी एक पिशवी उचलून काडीचा जोड पाहिला. बांधणी माझ्यापेक्षा चांगली होती.