मोरेकाकांचं सेटिंग

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... खरं सांगायचं तर अजूनही पुरता बसलेला नाही. कॉम्प्युटरने काही केलं की त्याची नोंद कुठेतरी सापडतेच, यावर तर माझं पोट चालतं. पण गेल्या वर्षी दिवेआगरला जे झालं, त्याची नोंद मला आजवर सापडलेली नाही.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या छोट्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. आधी हे काम मोरेकाका करायचे. ते वारले, आणि काम माझ्याकडे आलं. वादळाच्या वर्षी दिवेआगरच्या एका दवाखान्यातल्या सगळ्या लसी फुकट गेल्या होत्या. तेव्हा काकांनी तिथे एक सोय करून दिली — लसींचा फ्रीज गरम व्हायला लागला की कॉम्प्युटर थेट सिस्टर शालनताईंना मेसेज पाठवणार.

त्या सकाळी मी तिथे सिस्टीम अपग्रेड करायला बसलो. मध्येच स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न आला — या सेटिंगच्या फाइलमध्ये बदल केलेले आहेत, जुनी ठेवायची की नवीन टाकायची? अशा वेळी थांबून फाइल वाचायची असते. मी वाचली नाही. ‘नवीन’ दाबलं. शिवाय जागा करायला म्हणून जुनीची कॉपीही उडवली. मशीन रिस्टार्ट केलं, सगळं ठीक दिसलं, निघालो.

बोर्लीला जेवून हात धुतोय तोच शालनताईंचा फोन.

“सर, बरं झालं मेसेज आला! मी जेवायला घरी आले होते, तशीच पळत गेले. फ्रीजचा प्लग निघालेला हो. उद्या पोरांचं लसीकरण आहे...”

टेबलामागची वायर ओढताना तो प्लग माझ्याच हातून सैल झाला असणार. पण मेसेज? काकांनी बदललेली फाइल तर मी उडवली होती, नव्या फाइलमध्ये ताईंचा नंबर कुठून येणार!

गाडी वळवली. फाइल उघडली — नंबरची जागा रिकामी. रिस्टार्टनंतर मशीनमधून एकही मेसेज गेल्याची नोंद नाही. जुनं सेटिंग मेमरीत राहिलं म्हणावं, तर रिस्टार्टनंतर ते शक्यच नाही.

ताईंनी मोबाईल पुढे केला. दवाखान्याच्याच नंबरवरून, दुपारी एक वीसला — ‘ताई, फ्रीज बघा. घाई करा.’

“मोरेभाऊंनी असाच लिहून ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “इंग्रजी मेसेज आला तर मी घाबरते म्हणून.”

मी सगळं सांगून टाकलं. प्लग, फाइल, सगळं. वाटलं, आता चिडणार. त्या म्हणाल्या, “लसी वाचल्या ना? बसा आधी. घामाघूम झालात.”

मी त्यांचा नंबर पुन्हा टाकला, फ्रीजमधला तापमापक मुद्दाम बाहेर काढून बघितला. मेसेज आला... पण इंग्रजीत. मग तो बसून मराठीत केला. डॉक्टरांनाही माझी चूक सांगितली.

निघताना म्हटलं, “ताई, तो मेसेज मला पाठवा. तपास करतो.”

“करा,” त्या म्हणाल्या. “पण भाऊंच्या घरी आधी मी कळवते. वहिनींना बरं वाटेल.”

तपास मी पुष्कळ केला. हाती काही लागलं नाही. वहिनींना मात्र ताईंनी त्याच संध्याकाळी फोन केला.