चूक अध्यक्षांची

सभा पाचची असली की कप्तानअण्णा पावणेपाचलाच खुर्चीत बसलेले असत. पाचच्या ठोक्याला दार बंद. एकदा खुद्द मुख्याध्यापकच बाहेर राहिले आणि सभा संपेपर्यंत व्हरांड्यात शिपाई बसप्पाबरोबर शेंगा खात बसले.

ते नौदलातून कमोडोर होऊन निवृत्त झाले होते; पण हे पद हुबळीच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे कप्तानअण्णाच म्हणत. तीस वर्षं समुद्रावर काढून त्यांनी घर बांधलं ते नवनगरात. तिथली सोसायटी, वाचनालय आणि जुन्या हुबळीतली आमची मुलींची शाळा अशी तीन अध्यक्षपदं त्यांच्या गळ्यात पडली. तिन्हीकडं खाक्या जहाजावरचाच. स्नेहसंमेलनाच्या जेवणात "अण्णा, बसा की ओ" म्हणून बायका थकत. शेवटच्या शिपायाचं जेवण झाल्याशिवाय ते पानावर बसत नसत. बहुतेकदा तोवर भात संपलेला असे. मग ताक पिऊन घरी जात. लढाईच्या गोष्टी विचारल्या तर म्हणत, "पाणी बरंच बघितलं बघा." बस्स, तेवढंच.

मी तिथं गणित शिकवायचो. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म बंगळूरला पाठवायचं कामही माझ्याकडं होतं. एका वर्षी भरलेले फॉर्म कपाटात ठेवून मी मेहुणीच्या लग्नाला अळणावरला गेलो आणि साफ विसरलो. आठवलं तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते. एकोणीस मुली होत्या. निम्म्या मुलींच्या घरी स्थळं बघणं सुरू होतं. वर्ष गेलं असतं तर त्यांचं शिक्षण तिथंच संपलं असतं. माझी नोकरी तर गेल्यातच जमा होती.

मी अण्णांसमोर उभा राहून सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"फॉर्म कुठं आहेत?"

"इथंच, कपाटात."

"आणा."

त्याच दिवशी ते बंगळूरला गेले. ज्यांना शेकडो माणसं सलाम ठोकत, ते दोन दिवस परीक्षा मंडळाच्या कचेरीतल्या बाकावर बसून राहिले. अर्जात लिहिलं, 'चूक अध्यक्षांची.' फॉर्म घेतले गेले. परत आल्यावर त्यांनी शाळेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला.

मी नवनगरात धावलो. "अण्णा, मी सभेत खरं सांगतो."

"सांगू नका ओ मास्तर. जहाज खडकावर गेलं की कप्तान झोपला होता का, कोण सुकाणूवर होतं, हे कुणी विचारत नाही. जहाज त्याचं, चूक त्याची. दुसरं जहाज त्याला देत नाहीत." मग म्हणाले, "चहा घेता?"

मी चहा घेतला. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. सुटल्यासारखंच जास्त वाटलं.

काही वर्षांनी अण्णा गेले. शाळेत शोकसभा भरली. त्या एकोणीसपैकी एक आता आमच्याच शाळेत शिकवत होती. ती म्हणाली, "अण्णांच्या विसराळूपणापायी आमचं वर्ष जाणार होतं. पण त्यांनी चूक कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तोवर मी मुख्याध्यापक झालो होतो, त्यामुळं समारोप माझ्याकडं होता. आज सांगायचंच, असं घरून ठरवून निघालो होतो. उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."