पातळ पायाचं घर

घरात इंजिनिअर असला की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. साइटवरच्या चिखलासारखे ते बुटाला चिकटून घरात येतात! आमचे हे घरांचे पाये डिझाइन करतात, तेही काळ्या मातीच्या रानातले. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे देते. म्हणून हे खोल पाया न खणता अख्ख्या घराखाली सळ्यांचा एकच पातळ स्लॅब टाकतात. त्याला राफ्ट म्हणायचं.

सगळ्यांना पटलं, माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, नाही. नेवाशाजवळ आमचंच घर बांधायला निघालं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बिनपायाच्या घरात मी पाऊल न्हाई टाकायची. एक पावसाळा जाऊ दे, मग बघू."

मी गणपतीला सांगितलं, आत्याबाई या घरात दिवा लावतील तोवर माझा चहा बिनसाखरेचा.

*

राहात्याचे एक पेरूवाले काका राफ्ट समजून घ्यायला घरी आले. ह्यांनी परातीत पिठलं ओतलं, वर भाकरी ठेवली, भाकरीवर कांद्याच्या फोडी उभ्या केल्या. "ही माती, हा राफ्ट, ह्या भिंती." तेवढ्यात फोन वाजला, हे बाहेर गेले. माझी चतुर्थी, मी नुसती बघत होते.

हे परत आले तर काका हात पुसत होते. "सायेब, पाया झकास हुता. मीठ जरा कमी!"

हाच प्रयोग आत्याबाईंपुढेही झाला. त्या म्हणाल्या, "भाकरीवर कुनी घर बांधतं व्हय रं?"

*

श्रीगोंद्याच्या एका ऊसवाल्याला ह्यांनी बजावलं होतं, "फक्त वरची माती काढून ठेवा." दोन दिवसांनी जाऊन बघतात तर जेसीबीनं पुरुषभर खड्डा!

"अहो, हे काय?"

"पावने इचाराया लागले, पाया कुठंय? म्हनलं, लाज नको जायला."

"मग माझा पातळ पाया?"

"टाका की तुमी! बुडाला टाका!"

*

स्लॅब पडला की मालकानं मटणाचं जेवण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आमचा राफ्ट पडला गुरुवारी. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, खाली पडला म्हनून काय झालं? स्लॅब तो स्लॅब!" मी पुरणपोळ्या वाढल्या. बिचाऱ्यांनी रस्सा समजून कटाची आमटी ओरपली.

वरच्या स्लॅबआधी मिस्त्री स्वतःच विचारायला आला, "उपास कवा न्हाई?" मी सांगत गेले. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय पुढं श्रावण...

मिस्त्रीनं कॅलेंडरकडं बघत विचारलं, "वहिनी, त्यापरीस पत्रं टाकू का?"

*

बांधकाम सुरू असताना आत्याबाई एकदा आल्या, पण अंगणातच थांबल्या. "घराचं तुमी बघा. तुळशीला तरी खरा पाया पायजे!" स्वतः उभं राहून कमरेएवढा खड्डा खणून घेतला, दगडगोटे भरले आणि वर वृंदावन बांधून घेतलं. गोटे ह्यांनीच आणून दिले. आईपुढं कुणी इंजिनिअर नसतो.

आम्ही राहायला आलो, आत्याबाई जुन्या घरीच राहिल्या. पावसाळाभर रोज पूजा झाली की मी भिंती बघत घराला प्रदक्षिणा घालायची. हे म्हणायचे, "अगं, राफ्टवर विश्वास ठेव."

"मी देवावर ठेवलाय. राफ्टवर तुम्ही ठेवा!"

दिवाळीच्या तोंडावर आत्याबाई आल्या. मुठीत ज्वारी. जुन्या घराच्या तड्यात दाणा जातो का, हे त्या असंच बघायच्या. एकेका भिंतीवरून बोट फिरवत सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. मूठ भरलेलीच राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्या अंगणात गेल्या.

वृंदावन शेजाऱ्यांच्या बाजूला चांगलंच कललं होतं आणि त्याला वरपासून खालपर्यंत तडा. आत्याबाईंनी तड्यात एक दाणा टाकला. गेला. मग सगळी मूठ ओतली. तीही गेली.

ह्यांनी आभाळाकडं बघायला सुरुवात केली.

आत्याबाईंनी पदर खोचला. "वर काय बघतोस? तुळशीखाली तुझी ती भाकरी टाक! आन् सूनबाई, निरांजन आन, देवापुढं दिवा लावते. मग च्या ठेव." दारात जाऊन परत वळल्या. "तुझ्यात दोन चमचे साखर घाल गं."

व्रताचं तर मी ह्यांनासुद्धा बोलले नव्हते!