खिळ्याला घातलेली माळ

मला वाचवलं ते सुलोचनाकाकूंनी. कारंज्यातल्या माझ्या घरमालकीण. शाळेत क्लार्क होत्या, आता निवृत्त. देवाधर्माचा विषय निघाला की काकू आधी पायातल्या चपला काढायच्या, मग वाद सुरू करायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "दुसऱ्याच्या श्रद्धेत शिरून राह्यलो ना आपण. घर त्याचं असते, लेका."

मी चंदगडकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथल्या हायवेवरच्या ढाब्यावर तंदूर सांभाळायला लागलो. एकदा डोळे पिवळे झाले. दवाखान्यात ठेवून घेतलं तर काम जाईल, या धास्तीने मी गल्लीतल्या महादेवबुवांकडे गेलो. ते काविळीची माळ देतात, एक पैसा घेत नाहीत. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेली ती माळ लांबत छातीखाली आली की कावीळ उतरली, असं समजायचं. माझी माळ रोज लांबत होती. पोटात मात्र पाणीसुद्धा ठरत नव्हतं.

काकूंनी माळ पाहिली. हसल्या नाहीत. मला घेऊन बुवांच्या ओसरीवर गेल्या, चपला काढल्या.

"बुवा, मले बी एक माळ द्या. भिंतीवरच्या खिळ्याले घालीन."

"खिळ्याले काय कावीळ झाली, बाई?"

"नाई झाली. म्हणूनच."

बुवा पोटभर हसले आणि माळ करून दिली. काकूंनी ती आमच्या भिंतीवर लटकवली, टोकाशी खडूने रेघ मारली. दोनेक दिवसांत माळ रेघेखाली उतरली. बुवांना बोलावलं. ते बराच वेळ काड्या चाचपत राहिले. सुकून बारीक झाल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या.

"मंग लोकं बरे काऊन होतेत?"

"पुष्कळांची आपसूक उतरते, बुवा. अन् ज्याची नाई उतरली, तो तुमाले सांगायले आला का कधी?"

बुवांचा चेहरा पडला. "माह्या बापानं शिकवलं हे."

"बापानं कोणाले फसवलं नाई. त्यानं खिळ्याले इचारलं नाई, इतकंच."

कोण जिंकलं याचं मला काही नव्हतं. मी खाली बसून भिंतीला टेकलो होतो. काकू म्हणाल्या, "माळ राहू दे गळ्यात. रक्त तेवढं तपासून येऊ." एसटीत मला धरून बसले ते बुवाच. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात होतो तोवर काकूंचा डबा एकदाही चुकला नाही. बुवा अजून माळ देतात, पण आधी विचारतात, "रक्त तपासलं का?"

आजारी पडल्याचं आईला कळवलं होतं; बरा झाल्यावर पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "देवीला नवस बोलले होते. तिनंच वाचवलं."

काकूंना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "तिले इचार, देवीले तुह्या खोलीचा पत्ता कोणं देल्ला?"

मी खरंच विचारलं. आई म्हणाली, "आणि त्या काकूंच्या घरात तुला खोली कुणी मिळवून दिली? देवीनंच की!"

हे ऐकून काकू मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "बाई तोडीची हाये बाप्पा."

त्यांचे उपकार फेडायला माझ्याकडे दुसरं काय आहे? एक दिवस काकूंना गावी नेईन, आईसमोर बसवीन, आणि दोघी थकेपर्यंत चहा करत राहीन.