फोटोअण्णांचा संशय

फोटोअण्णा कुणावरच विश्वास ठेवत नसत. नव्वदीच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूच्या एका वर्तमानपत्रात क्रीडावार्ताहर म्हणून गेले. तिथले छायाचित्रकार म्हणजे हे फोटोअण्णा. त्यांनी माझं मराठी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार साफ बोलता हो अक्का. स्वल्प संशय येतो." त्यांचं मराठी घराणं तीन पिढ्या तिथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळे.

बॉक्सिंगचे फोटो काढावेत तर त्यांनीच. हॉलमध्ये ट्यूबलाइटचा मिणमिणता उजेड, फ्लॅशला बंदी, आणि ठोसा पापणी लवायच्या आत संपलेला. अण्णा रिंगच्या दोरांशी बसत आणि खेळाडूच्या मुठीकडे न बघता खांद्याकडे बघत. "मूठ फसवते, अक्का. खांदा आधीच कबूल करतो."

एकदा निवड चाचणीत शहराबाहेरच्या बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यात काम करणारा मंजू शेवटच्या फेरीत खाली पडला. पंचांनी दहा आकडे मोजले. "ढकललं! ढकललं!" म्हणून हॉल ओरडत होता. पंच प्रतिस्पर्ध्याच्या ओळखीचे आहेत, ही कुजबुज सकाळपासून होतीच. मलाही ती पटली होती.

अण्णांचा फोटो धुऊन आला. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही हात मंजूच्या छातीवर, मंजू मागे कोसळतोय. मी पंचांच्या नावानिशी बातमी लिहून काढली. अण्णा मात्र भिंग घेऊन निगेटिव्हवर वाकलेले.

"मला संशय येतोय."

"पंचांचाच ना?"

"माझ्या फोटोचा."

आधीची फ्रेम हललेली होती. हनुवटीपाशी मूठ होती की सावली, कळत नव्हतं. अण्णांनी फोटो द्यायला साफ नकार दिला. मी चिडले. पंचांनी यांना गाठलं असेल, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन बोम्मसंद्र्याला गेले. कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी मंजूला दोन्ही फोटो दाखवले. त्यानं ते हातात घेऊन एकेक करून पाहिले. मग खाली मान घालून म्हणाला, "ठोसा बसला होता, अण्णा. डोळ्यांपुढे अंधारी आली. ढकललं ते त्यानंतर. सगळे ओरडत होते, म्हणून मी गप्प राहिलो."

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सरी, ठीक आहे. पुढच्या वर्षी ये. मी असेन."

परतीच्या बसमध्ये मी बातमी फाडली आणि त्यांच्यावर घेतलेला संशयही सांगून टाकला. ते रागावले नाहीत. "बरोबर केलंत," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी मंजू जिंकला, पण अण्णा नव्हते. त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

त्या बसमध्येच त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. तरुणपणी त्यांनी असाच एक फोटो छापायला दिला होता. त्यावरून एका खेळाडूला लबाड ठरवलं गेलं आणि त्यानं खेळ सोडला. तो खरा होता, हे अण्णांना फार उशिरा कळलं.

मी नाव विचारलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"नको अक्का. तुम्ही छापाल."