यादीची सवत

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या टेबलाशेजारी एक जादा खुर्ची असायची. निळी, चाकांवर फिरणारी, विचारायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली. ती रिकामी राहू नये, एवढीच माझी त्या वयातली महत्त्वाकांक्षा. परवा नातवाने जर्मनमध्ये विचारलं, "ओमा, तू ऑफिसात काय करायचीस?" म्हटलं, "खुर्ची राखायचे." तो हसला. त्याला थट्टा वाटली.

आम्ही दुकानांच्या वेबसाइट बांधायचो. कामाची विभागणी क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या वेगवेगळ्या तुकड्यांत, केलेली: गिऱ्हाइकाचा एक क्लास, बिलाचा दुसरा, आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. कुठलंही पान उघडताना आधी सांगावं लागे, की ही फाइल आण, मग ती, मग ती. ती भलीमोठी यादी माझ्या ताब्यात होती. तिच्यात क्रमाला फार महत्त्व. एक क्लास दुसऱ्याच्या पोटी जन्मलेला असेल, तर आधी बाप आणायचा, मग लेकरू. उलटं झालं की पान पांढरंफटक.

लग्नघरात एखादी आत्या असते बघा, कुणाचा मान आधी आणि कुणाचा नंतर हे तिलाच ठाऊक असतं, ती नसली की अक्षतासुद्धा अडतात. तर त्या कंपनीची आत्या मी! नवीन क्लास लिहिला की जो तो येऊन निळ्या खुर्चीवर बसे आणि विचारी, "हा कुठे घालू?" बाईसाहेब चष्मा नाकावर सरकवत, उगाच कपाळाला आठी घालत. उत्तर तोंडपाठ असायचं, पण लगेच दिलं तर किंमत काय राहिली?

मग पुण्याहून ती मुलगी आली. अख्खं ऑफिस मला पहिल्या नावाने हाक मारायचं, अगदी कालचा शिकाऊसुद्धा. ही एकटी पहिल्या दिवसापासून म्हणाली, "काकू."

तिसऱ्या वाक्याला म्हणाली, "काकू, ही यादी हाताने कशाला लिहिता? ऑटोलोडिंग लावू या की. क्लासचं नाव आलं, की त्या नावावरूनच फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते कळतं, आणि ती आपोआप येते. लागेल तेव्हाच येते."

"आपोआप फक्त केस पांढरे होतात, बाई," मी म्हटलं.

"आणि बाप आधी हवा असेल तर?" मी लगेच पुढे तोऱ्यात विचारलं.

"लेकराची फाइल वाचताना बापाचं नाव लागतंच ना? मग तोही तसाच येतो."

आमचा जर्मन साहेब मागे उभा होता. तिने त्याला तेच जर्मनमध्ये सांगितलं, तर हा म्हणाला, "गेनाऊ!" अगदी बरोबर! इतक्या वर्षांत माझ्याशी त्याचं बोलणं नेहमी "आल्झो...", म्हणजे आपलं "तर मग...", असं सुरू व्हायचं आणि तिथेच रेंगाळायचं. हिला पहिल्या आठवड्यात गेनाऊ.

घरी आल्यावर मी भांडी आदळली. यजमान म्हणाले, "अगं, यंत्राशी कसला सवतीमत्सर मांडतेस?"

"यंत्राशी नाही हो. त्या पोरीशी. मला काकू म्हणते!"

"मग काय वहिनी म्हणेल? तुझ्या लेकाच्या वयाची आहे ती." आणि शांतपणे वरणावर तूप घेतलं.

तिचं सगळंच मला खुपायचं. सायकलवरून येऊनही तिची बट हलायची नाही, आणि माझं हेल्मेट काढलं की डोक्यावर घरटं. तिचं जर्मन, तिचा डबा, सगळं. पण खरं खुपलं ते पुढे. लोक तिला शंका विचारायला जाऊ लागले आणि जाताना निळी खुर्ची ढकलत घेऊन गेले. कुणी मला विचारलंही नाही.

यादी काढून टाकायचा दिवस आला. आधी चाचणीच्या सर्व्हरवर. तिने ती पुसली, पान उघडलं, आणि पान पांढरंफटक! मी देवाचे आभार मानले, हो, अशा गोष्टीसाठीसुद्धा मानले. तेवढ्यात पोरगी निळी खुर्ची ढकलत माझ्याकडे आली. "काकू, तारीख छापणारं फंक्शन सापडत नाही म्हणतंय."

ते मी लिहिलेलं. तारीख जर्मन पद्धतीने छापणं, आकड्यात स्वल्पविराम घालणं, असली मोकळी फंक्शनं कुठल्याच क्लासमध्ये नव्हती. आणि हिचं ऑटोलोडिंग फक्त क्लास ओळखायचं.

"ती फाइल मात्र सांगून आणावी लागेल," मी म्हटलं, आणि आवाज शक्य तितका गोड ठेवला.

"वा काकू! म्हणजे तुमची एक ओळ राहणार." ती मनापासून खूश झाली, हे तर आणखीच वाईट. उठली, आणि खुर्ची परत घेऊन गेली.

त्या एका ओळीवर मी राज्य करू लागले. प्रजा नव्हती. एका ओळीचा क्रम विचारायला कोण येणार? तिच्या टेबलाशी हशा पिकायचा आणि मी इकडे पडद्याकडे बघत ऐकायचे. एकदा हसणं थांबेना, तेव्हा मी उठले, तिच्याकडे गेले आणि सरळ निळ्या खुर्चीवर बसले.

आयुष्यात पहिल्यांदा. त्या खुर्चीचा एक हात ढिला होता, पाठ मागे कलंडत होती, बसलेला माणूस घसरून आपोआप नम्र व्हायचा. वर्षानुवर्षं मी लोकांना यावर बसवून आठ्या घालत होते!

"सांग गं," मी म्हटलं, "ते नेमकं कसं करतेस?"

तिने दाखवलं. आठ्या न घालता, लगेच. इतकं सोपं निघालं, की मला नव्याने जळायला झालं: हे मला का नाही सुचलं? तेवढ्यात साहेब शंका घेऊन आला. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "आल्झो..."

मी उठले नाही.