खाडीकडच्या भिंतीची भोकं

लिंबायत वस्तीच्या टोकाला आमचं घर होतं. मागे पत्र्याची स्वयंपाकाची खोली, तिच्यामागे भांडी घासायची जागा आणि मग एकदम खाली खाडी. दर पावसाळ्यात काठाची माती ढासळायची. एका वर्षी कपडे धुवायचा दगडच खाली गेला. तेव्हा यांनी ठरवलं, आता मातीला आधार द्यायला भिंत बांधायची, नाहीतर पुढच्या वर्षी चूल खाडीत.

प्लेग येऊन गेल्यावर महापालिकेची माणसं फार कडक झाली होती. न विचारता बांधलं तर तोडायला हजर. म्हणून यांनी आधीच तिथल्या साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी टेप लावला. यांना भिंत थोडी खाडीत सरकवायची होती.

"साहेब, एक खाट मावेल एवढीच."

साहेब हसून गुजरातीत म्हणाले, "काका, खाट घरमां राखो. दीवाल तमारी हदमां."

उंची छातीएवढीच ठेवा म्हणाले. आणि भिंतीत खाली भोकं ठेवा, नाहीतर मागच्या मातीत पाणी साठेल आणि भिंत ढकलून देईल. मी दाराआडून ऐकत होते. परक्या माणसासमोर मी बाहेर यायची नाही.

सुट्टीच्या दिवशी यांनी लूमवरच्या सोबत्यांना घेऊन भिंत उभी केली. कापडातला तुटका धागा लांबून ओळखणारी ही माणसं, पण भिंत बांधली ती नागमोडी. भोकं मात्र पाइपाचे तुकडे घालून सांगितल्याप्रमाणे ठेवली.

सासूबाईंना तेच खटकलं. त्यांच्या खानदेशातल्या मातीच्या घरात भोक दिसलं की बुजवायचं, ते बाईचं कामच.

"भितले भोके? घरमा साप येतीन ना!"

हे कामावर गेले की सासूबाई बाजूच्या उतारानं खाली जायच्या आणि शेणमातीनं एकेक भोक लिंपून यायच्या. वरून हात फिरवून असं गुळगुळीत करायच्या की बघत राहावं. सुट्टीला हे सळई घालून भोकं मोकळी करायचे.

"एवढी माती कुठून भरते? सिमेंटच खराब दिलं दुकानदारानं!"

सासूबाई खाली मान घालून तांदूळ निवडायच्या. मला सगळं ठाऊक होतं, पण मायलेकात मी काय बोलणार?

श्रावणात झड लागली. हे कामावर होते. मी भांडी घासायला मागे गेले तर भिंतीला खाडीकडे चांगलं पोट आलेलं, आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या जमिनीला भेग. मी सळई शोधायलाही थांबले नाही. तशीच उतारानं खाली गेले आणि बोटांनी लिंपण उकरायला लागले. निघेना.

वरून सासूबाई ओरडल्या, "वर ये वं! आंगवर पडी ती!"

"आत्याबाई, बुजवलीत तुम्ही! आता सळई तरी द्या!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. त्या लुगडं खोचून, सळई घेऊन स्वतःच खाली आल्या. मला बाजूला सारलं.

"मन्ह लिपेल शे. तुनाघाई निघनार नही."

अशा वेळीसुद्धा स्वतःच्या लिंपणाचा केवढा तोरा! पण खरंच, त्यांनी एका बाजूनं सळई घातली आणि अख्खा गोळा निघाला. मागून गढूळ पाण्याची धार त्यांच्या तोंडावर. आम्ही दोघी चिखलानं माखलो, पण एकही भोक सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत पाणी वाहत होतं. पोट तेवढंच राहिलं, भेग वाढली नाही.

हे आले, वाकून खाली बघितलं आणि खूश झाले. "बघितलं? एवढ्या पावसात हलली का? आपल्या हातचं काम आहे!"

त्या संध्याकाळी सासूबाई मला चुलीजवळ फिरकू देईनात. भाकरी त्यांनीच थापल्या आणि पहिली गरम भाकरी लेकाला न देता माझ्या ताटात टाकली. हे भिंतीचं कौतुक सांगतच होते.